बेडकाचं देणं

मे महिन्यात भाचीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. सत्यनारायणाला नमस्कार करायला मी चौरंगापुढे गुडघे टेकले, डोकं टेकलं आणि उठायला गेले, तर उठताच येईना. चक्कर नव्हती की कळ नव्हती. मांड्यांना ‘चला’ म्हटलं आणि मांड्यांनी ऐकलं नाही, एवढंच. मग मी तशीच राहिले. मागे नमस्काराची रांग खोळंबली. “किती मनापासून करतात हो!” असं कुणीतरी कुजबुजलेलं मला स्वच्छ ऐकू आलं. माझं आणि सत्यनारायणाचं इतकं लांबलेलं बोलणं त्याआधी कधी झालेलं नव्हतं. शेवटी पदराआडून भाचीला खूण केली. तिने आणि जावयाने दोन्ही काखांत हात घालून मला उभं केलं आणि हातावर प्रसाद ठेवला. शिऱ्यात केळं कमी पडलं होतं, हे त्याही अवस्थेत माझ्या लक्षात आलं.

घरी येताना रिक्षात आमचे हे एकदाच म्हणाले, “तरी मी सांगत होतो.” हे रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात. सातारच्या निवृत्त माणसाला हा किल्ला शिवाजी महाराजांनी आपल्या बायकोला टोमणे मारता यावेत म्हणूनच घेऊन ठेवला, असं वाटत असतं.

डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो पाहिले, पोटरीभोवती टेप फिरवली, हातात एक यंत्र देऊन दाबायला सांगितलं आणि मग म्हणाले, “हात छातीवर घडी घाला आणि खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. बारा सेकंदांच्या आत झालं पाहिजे.” मला एकोणीस लागले. त्यातली शेवटची बैठक म्हणजे बसणं नव्हतंच, कोसळणं होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : सार्कोपेनिया.

आता मी कनिष्ठ महाविद्यालयात तेहेतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेली बाई. शब्द फोडल्याशिवाय मला राहवत नाही. ग्रीकमध्ये ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य. अमेरिकेतल्या रोझेनबर्ग नावाच्या डॉक्टरांनी १९८९ साली हे नाव सुचवलं. म्हणजे मी नोकरीला लागले तेव्हा या आजाराला नावसुद्धा नव्हतं, नुसतं ‘वय झालं’ म्हणायचे. मांसाचं दारिद्र्य! तीन पिढ्यांच्या शाकाहारी घरात दुसरं काय असणार, असं मी म्हटलं. डॉक्टर हसले नाहीत. तिशीनंतर दर दहा वर्षांना तीन ते आठ टक्के स्नायू असेच झिजतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, पण वजन तर माझं कमी झालेलं नाही. तर म्हणे, तीच तर मेख आहे. स्नायू गेले आणि त्यांच्या जागी चरबी आली. जुन्या वाड्यासारखं झालं हे. मालक केव्हाच पुण्याला गेले, आत भाडेकरू राहतायत, आणि बाहेरून वाडा भरलेला दिसतोय.

गुडघे कुरकुरत असल्यामुळे एकदम जड व्यायाम झेपणार नव्हता. म्हणून सुरुवातीला फिजिओथेरपीत मांड्यांना करंट द्यायचं ठरलं. आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. आमच्याकडे त्याला कुणी इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन वगैरे म्हणत नाही. ‘करंट लावतात’ म्हणतात, तेही बोअरच्या मोटारीबद्दल बोलावं तशा आवाजात.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. मी व्यायाम करायचा नाही, वीज करणार! मी आपली पडून पेपर वाचणार आणि मांडी परस्पर धष्टपुष्ट होणार. शेजारच्या वहिनींनाही मी तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “झोपल्या झोपल्या? मग माझ्या पोटाला पण लावतील का विचार ना.”

पहिला प्रश्न आला कपड्यांचा. करंट मांडीला, आणि मी जन्मभर नऊवार नाही तरी सहावार. फिजिओच्या पोरीने फोनवर सांगितलं, “काकू, सैलसर शॉर्ट्स घालून या.” सदुसष्टाव्या वर्षी शॉर्ट्स कुठून आणू? शेवटी मुलाची जुनी बर्म्युडा सापडली. तिच्यावर नारळाची झाडं होती आणि एका झाडाखाली चष्मा घातलेलं माकड. पोवई नाक्यापर्यंत मी साडीच्या आत ते माकड घालून गेले.

त्या पोरीने आधी चौकशी केली. पेसमेकर आहे का, फिट येते का, पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे का. सगळ्याला नाही म्हणताना मला उगीचच पास झाल्यासारखं वाटलं. मग तिने मांडी पुसली, गार जेली लावलेल्या दोन काळ्या रबरी पट्ट्या बसवल्या, एक वर बाहेरच्या अंगाला आणि एक खाली गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला, आणि पट्टा आवळला. मी टेबलाच्या कडेला पाय सोडून बसलेली. तिने बटण फिरवलं. आधी मुंग्या आल्या. मग मुंगळे. मग माझी मांडी गच्च आवळली गेली आणि पाय आपोआप पुढे उचलला जाऊन हवेत ताठ झाला.

आणि मला बेडूक आठवला.

गॅल्व्हानीचा. तेहेतीस वर्षं दर जुलैत मी तो वर्गात सांगितला. इटलीतलं बोलोन्या शहर, साल १७८० च्या पुढचं. घरात विजेचं यंत्र, टेबलावर कापलेल्या बेडकाचे पाय, आणि पाय एकदम गचका देतो. गॅल्व्हानीने १७९१ मध्ये ते छापलं आणि प्राण्यांच्या अंगातच वीज असते असं म्हटलं. व्होल्टाने ते मोडून काढायचा चंग बांधला, वीज धातूंमधून येते असं धरून बसला आणि त्या भांडणातून १८०० साली बॅटरी निघाली. मुलांना पुढचा भाग जास्त आवडायचा. गॅल्व्हानीचा भाचा अल्दिनी १८०३ मध्ये लंडनला गेला आणि फाशी दिलेल्या एका माणसाला त्याने वीज लावली. प्रेताचा जबडा हलला, एक डोळा उघडला, हात वर झाला. वर्ग कसा शांत व्हायचा! या सगळ्यात बेडकाला काय वाटलं असेल, हे मी एकदाही कुणाला विचारलं नाही. पेपरात तो प्रश्न नव्हता.

माझा स्वतःचा हिशेब तर वेगळाच. कराडला बी.एस्सी. करताना आम्ही बेडकाच्या पोटरीचा स्नायू नसेसकट काढून कायमोग्राफला लावायचो. फिरता ड्रम, त्याच्यावर काजळी धरलेला कागद, आणि स्नायूने ओढलं की सुई त्या काजळीत पांढरी रेघ काढायची. दिवसभर नाक शिंकरलं की काळं. विजेचे ठोके सावकाश दिले की सुटे सुटे डोंगर उमटायचे. ठोके वाढवत नेले की डोंगर एकमेकांत मिसळायचे आणि शेवटी वर एक सपाट पठार. सरांना ते पठार गुळगुळीत लागायचं, आणि माझं सगळ्यांत गुळगुळीत म्हणून मला शाबासकी मिळाली होती. आता सेकंदाला पन्नास ठोक्यांनी माझ्याच मांडीचं पठार झालं होतं. दहा सेकंद पठार, तीस सेकंद विश्रांती, पुन्हा पठार. असं वीस मिनिटं. बेडकाला निदान तीस सेकंदांनी पुन्हा येणार आहे हे माहीत नसायचं.

ते वाटतं कसं, हे सांगणं अवघड आहे. दुखत नाही. पण आपल्या घरात दुसऱ्याच कुणीतरी येऊन आपल्या भांड्यांत स्वयंपाक करावा, तसं वाटतं. एरवी आपण पाय उचलतो तेव्हा शरीर काटकसरीने वागतं. आधी लहान तंतूंना कामाला लावतं, जोर कमी पडला तरच मोठ्यांना हाक मारतं. शाळेतही असंच असतं. एखादं टेबल हलवायचं झालं तर आधी शिपाई, मग क्लार्क, आणि अगदीच अडलं तर हेडमास्तर. पण करंट येतो तो शिक्षणाधिकाऱ्याच्या अचानक तपासणीसारखा. पट्टीखाली जो सापडेल तो पळत सुटतो, शिपाई आणि हेडमास्तर एकदम. आणि दर वेळी तेच तेच पळतात, म्हणून दमतातही लवकर. एरवी डुलक्या घेणाऱ्या मोठ्या तंतूंना हलवणं हाच यातला फायदा, कारण वयाबरोबर जास्त बारीक होतात ते हेच. हे सगळं मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि चष्मेवाल्या माकडाची बर्म्युडा घालून ते भोगणं वेगळं.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातून एक प्रकार झाला. पोरगी फोन घ्यायला बाहेर गेली होती. मला वाटलं, आज फार मिळमिळीत चाललंय. मी विज्ञानाची शिक्षिका, बटण हाताच्या अंतरावर. एक घर वाढवलं. काही नाही. आणखी एक वाढवलं. काही नाही. मशीन बिघडलं असं समजून मी आणखी तीन घरं पुढे गेले. तेव्हा विश्रांतीचे तीस सेकंद चालू होते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आलं ते एकतिसाव्या सेकंदाला. माझ्या पायाने अशी काही लाथ मारली की समोरचं स्टूल उडालं आणि त्याच्यावरची जेलीची बाटली थेट पलीकडच्या खुर्चीत मानेला वजन लावून बसलेल्या गृहस्थांच्या मांडीवर जाऊन पडली. “काय झालं? काय झालं?” ते समोर भिंतीकडे बघतच ओरडले. बिचाऱ्यांना मान वळवता येत नव्हती. दहा सेकंद संपेपर्यंत मला पाय खाली घेता आला नाही आणि तोंडातून जो शब्द गेला तो मी स्टाफरूममध्येसुद्धा कधी वापरलेला नाही. पोरगी धावत आली, आकडा बघितला, आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन माझ्या पाठीमागे ठेवायला लागली. बारावीच्या प्रॅक्टिकलला ॲसिडची बाटली मी अशीच ठेवायचे.

पण खरा विश्वासघात दुसऱ्या आठवड्यात झाला. “काकू, आता करंट आला की तुम्हीपण जोर लावायचा,” ती म्हणाली.

“मी का? तो आहे ना!”

“तो मदतीला आहे. नुसता करंट घेऊन शक्ती थोडी वाढेल, पण खुर्चीतून उठणं तुमच्या मेंदूलाच शिकायला लागेल. तिथे मला पट्ट्या लावता येत नाहीत.”

चौथ्या आठवड्यात तर पट्ट्या लावून उठा-बशा सुरू झाल्या. शिवाय पायाला वाळूची पिशवी. शिवाय रबराचा पट्टा ताणणं. म्हणजे व्यायामातून सुटका म्हणून मी जिथे गेले, तिथे तोच व्यायाम विजेसकट मिळाला. वहिनींना मी हे अजून सांगितलेलं नाही. त्यांनी पोटाची चौकशी चालूच ठेवली आहे.

खाण्याची बाजू यांनी हातात घेतली. माझं वजन एकसष्ट, तर दिवसाला निदान एकसष्ट ग्रॅम प्रथिनं पाहिजेत. कालनिर्णयच्या मागे हिशेब मांडला गेला. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम धरा. एका अंड्यात सहा, पण ते घरात येणार नाही. मग मूग, मटकी, हरभरे, ताक, पनीर, शेंगदाणे. रात्री नऊला हे कॅलेंडरपाशी जाऊन म्हणायचे, “अकरा ग्रॅम कमी पडतायत.” जन्मभर यांना किराण्याचं बिल जुळवता आलं नाही, पण माझी डाळ ग्रॅमपर्यंत जुळत होती. उसळींचे परिणाम दोघांनाही भोगावे लागले, त्याचा तपशील नको.

जुलैच्या शेवटी आठ आठवडे पूर्ण झाले. बाहेर सातारचा पाऊस, आत मी छातीवर हाताची घडी घालून खुर्चीत. पोरीने मोबाइलवर घड्याळ लावलं. उठले, बसले, उठले, बसले. पाचवी बैठक कोसळले नाही, चांगली टेकले.

“बारा पॉइंट सहा,” ती म्हणाली.

“म्हणजे बाराच धर की.”

“नाही काकू. साडेबाराच्या वर आहे.”

“ग्रेस नाही?”

तिने वहीत १२.६ लिहिलं आणि खाली रेघ मारली. चौतीस मार्कांवर थांबवलेली किती मुलं माझ्याकडे त्या नजरेने बघून गेली असतील. “सोमवारी परत घेऊ,” ती म्हणाली.

घरी आले तर मागच्या पडवीत, मोरीच्या उंबऱ्यावर एक बेडूक. चांगला थोराड, गळा फुगवत बसलेला. मी छत्री मिटवली आणि मोरीत ठेवायला त्याच्यापुढे उभी राहिले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ बघितलं. मग तो उठला आणि एका उडीत परसात गेला. हात कशाला लावला नाही, सेकंदसुद्धा लागला नाही.