पायाळू आहा का, सर?

परवा आमच्या तालुक्याच्या गावातल्या सेवा क्लबाच्या मासिक सभेत 'आपल्या भागातील कलेचा इतिहास' या विषयावर माझं व्याख्यान झालं. निदान फ्लेक्सवर तरी तसं लिहिलं होतं. त्याच फ्लेक्सवर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, मावळते अध्यक्ष आणि त्यांच्याही आधी मावळलेले अध्यक्ष हात जोडून उभे होते. वक्ता खालच्या कोपऱ्यात, फ्लेक्सवाल्याच्या मोबाइल नंबराला चिकटून.

सातची सभा आठला सुरू झाली. अध्यक्षांनी पितळी घंटा वाजवली. दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद केले, ते पुन्हा चालू करायचं कुणाला सुचलं नाही. मग सत्कार. रक्तदान शिबिरात ज्यांनी रक्त दिलं त्यांचा, ज्यांनी मांडव दिला त्यांचा, आणि नातू नवोदयला लागला म्हणून एका आजोबांचा. नातू आला नव्हता, त्याचा पेपर होता. प्रत्येक शालीला फोटोग्राफर "अजून एकदा" म्हणे आणि शाल पुन्हा काढून पुन्हा घातली जाई. माझा परिचय करून देणाऱ्याने मी शाळेत चित्रकला शिकवायचो एवढं सांगून, माझ्या हाताखाली शिकून कोण कोण तलाठी झालं त्याची यादी वाचली.

फोटो दाखवायची सोय होती. म्हणजे प्रोजेक्टर होता आणि पांढरी चादरही होती. लॅपटॉपवाल्या पोराने माझा पेनड्राइव्ह दोन बोटांत धरून "याच्यात व्हायरस आहे" असं जाहीर केलं आणि तो मला परत दिला. सभागृहात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तर नुसतं तोंडाने बोललो. सुरुवात जोरात केली. म्हटलं, राजेहो, अजिंठ्याची सोळा नंबरची लेणी कुणी कोरून घेतली? वराहदेवाने. हा वराहदेव कोण? वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. लेण्याच्या भिंतीवर तसा शिलालेखच आहे. आणि या हरिषेणाच्या घराण्याची राजधानी कुठली? वत्सगुल्म. म्हणजे आपलं वाशिम! पंधराशे वर्षांपूर्वी जगाने पाहावी अशी चित्रं काढून घेणारी माणसं आपल्या या मातीतली.

इथे टाळी येईल म्हणून मी थांबलो होतो. तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "मंग अजिंठा तिकडं काऊन गेला?"

म्हटलं, गेला नाही, डोंगर तिथेच होता.

"आपल्या लोकायनं तवाच लक्ष घालाले पायजे होतं. सगळं तिकडंच जाते. सिंचन बी तिकडंच गेलं."

यावर टाळी आली. कडकडून आली. पुढची काही मिनिटं अनुशेषावर गेली आणि मी माइक हातात धरून ऐकत होतो. माणूस चुकीचं बोलत होता असंही नाही, पण व्याख्यान माझं होतं.

मग हेमाडपंती. हा माझा जुना सल आहे. आमच्याकडे काळ्या दगडाचं, बिनचुन्याचं देऊळ दिसलं की ते हेमाडपंती. बार्शीटाकळीच्या देवीच्या देवळात 1176 सालचा शिलालेख आहे. हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, मंत्री झाला तो महादेव यादव आणि रामदेवराव यांच्या काळात, म्हणजे त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी. मग हे देऊळ त्यानं कसं बांधलं? एवढं विचारलं तर समोरच्या रांगेतले एक बुजुर्ग इतके दुखावले की विचारू नका. हेमाडपंतांना मी त्यांच्याच घरातून बाहेर काढलं असा त्यांचा चेहरा झाला. "आमचे आजे हेमाडपंतीच म्हनत," ते म्हणाले आणि शेजाऱ्याच्या घड्याळात पाहिलं.

लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळाचा चांदणीसारखा आराखडा, वैनगंगेकाठची मार्कंड्याची देवळं आणि त्यांच्या भिंतींवरची मूर्तींची दाटी, पवनीचा स्तूप, हे सगळं पेनड्राइव्हात होतं आणि पेनड्राइव्ह खिशात. अध्यक्षांचा हात घंटेकडे जायला लागला तसा मी घाईने आमच्याच गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळावर आलो. तिथे लिंबाखाली एक वीरगळ आहे. तीन कप्पे. खालच्यात वीर लढताना पडलाय, मधल्यात अप्सरा त्याला नेताहेत, वरच्यात तो पिंडीची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याचं नाव राहो. तुमच्याआमच्यासारख्याच कुणाचं तरी पोरगं गाईगुरं सोडवताना किंवा गाव राखताना मेलं असेल. गावानं त्याच्यासाठी हा दगड उभा केला. एवढा तरी जपा, म्हटलं. घंटा वाजली.

प्रश्नोत्तरांत हार्डवेअरवाले भाऊ उठले. सिमेंट, लोखंड, रंग, पाइप, सगळ्या पंचक्रोशीला हेच पुरवतात. क्लबाचे माजी अध्यक्ष. फ्लेक्सवर त्यांचा फोटो दोनदा होता, एकदा माजी अध्यक्ष म्हणून आणि एकदा सौजन्य म्हणून.

"सर, तुमी सांगतलं थे वरवरचं झालं. थो दगड म्या लहानपनापासून पाह्यतो. आतली गोष्ट सांगू का?"

सांगा, म्हटलं.

"खालच्या कप्प्यात मानूस पडेल आहे. थो वीरबीर काही नाही. थो गुप्तधनाचा राखनदार होय."

"अहो भाऊ, त्याच्या छातीत भाला आहे."

"मंग राखनदार जिता ठेवते काय कोनी? मारूनच ठेवा लागते ना बाप्पा!"

सभागृहात हुंकार उमटला. माझ्या वराहदेवाला न मिळालेला हुंकार.

"आता मधातल्या बाया. तुमी म्हनता अप्सरा. अप्सरा नाही, सर, आसरा होत त्या. साती आसरा. आसरा कुठं राह्यतात? पान्यात. म्हनजे तिथं विहीर."

"पण दगडावर तीनच आहेत."

"बाकीच्या चार विहिरीत असतीन."

याला काय उत्तर देणार? मी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष पुढे झुकून ऐकत होते. आता घंटा कुणाला आठवत नव्हती.

"वरच्या कप्प्यात पिंड. पिंडीखाली हंडा. अन् चंद्र-सूर्य म्हनजे टाइम सांगेल आहे. चंद्र अन् सूर्य एका जागी कवा येतात? अवसेले. म्हनजे अवसेच्या राती, विहीर अन् पिंड यायच्या मधात."

मी म्हटलं, भाऊ, चंद्र-सूर्य म्हणजे त्या माणसाची कीर्ती कायम राहावी म्हणून.

"कीर्तीसाठी कोनी येवढा खर्च करते काय, सर?" ते म्हणाले. त्यांच्या बरोबर डोक्यावर ते स्वतः दोनदा हसत होते.

मग आवाज खाली आणून, पण माइक तसाच तोंडाशी धरून, त्यांनी विचारलं, "तुमी पायाळू आहा का, सर?" पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेला; त्याला जमिनीतलं धन दिसतं असं आमच्याकडे मानतात.

"नाही."

"मंग तुमाले नाही दिसाचं. तुमी फक्त नक्षीच पाहान."

मागून कोणीतरी उठलं, "माहा साळा पायाळू आहे!" आणि त्या संध्याकाळी प्रथमच सभेत जीव आला. साळा कुठल्या गावचा, लग्न झालं का, कोणत्या शेताला पाणी लागताना त्याने काय पाहिलं होतं, याची चर्चा अल्पोपाहारापर्यंत पुरली. मी खाली बसलो. माझ्या खुर्चीवर कुणीतरी नारळांचं पोतं ठेवलं होतं, ते सरकवून बसलो.

सगळे हसत होते, मीही हसलो. पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पडक्या देवळांतल्या उखडलेल्या पिंडी मी पाहिल्या आहेत. गाभाऱ्यात कमरेएवढा खड्डा, नंदी कुशीवर पडलेला, बाजूला लिंबू आणि कुंकू. ज्यांना दगडावर कोरलेली बाई पाहायला दोन मिनिटं नसतात, ते तिच्याखाली रात्रभर सब्बल चालवतात. धन कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. मिळत असतं तर आमच्या भागात कर्जमाफीची वाट कोण पाहत बसलं असतं?

आभार हार्डवेअरवाल्या भाऊंनीच मानले. माझ्या भाषणापेक्षा ते जास्त वेळ बोलले. शेवटी म्हणाले, "सरांनी आपले डोये उघडले. देऊळ जपा म्हनाले. सरांच्या प्रेरणेनं मी जाहीर करतो, महाशिवरात्रीच्या आत महादेवाच्या देवळाले आतून-बाहेरून ऑइलपेंट आपल्यातर्फे. वीरगळासहित!"

टाळ्या. फोटोग्राफर धावला. मी "नका, नका" म्हणत उठलो, तो फोटोत हात उंचावून अभिनंदन करताना आलो आहे.

दगड हवेतलं पाणी घेतो आणि सोडतो. त्यावर तेलरंगाचा पापुद्रा चढवला की आतली ओल आतच कोंडते, क्षार फुलतात आणि एक दिवस नाकडोळ्यांसकट वरचा थर सुटून हातात येतो. हे मी तिथेच, खुर्च्या उचलणाऱ्या पोरांच्या मधून फिरत, तीन पदाधिकाऱ्यांना सांगितलं. पहिला म्हणाला, वॉटरप्रूफ मारू. दुसरा म्हणाला, सर, फुकट देऊन रायले ना ते. तिसऱ्याच्या तोंडात आलुबोंडा होता. मी टेबलापर्यंत पोचलो तेव्हा परातीत फक्त तळलेल्या मिरच्या उरल्या होत्या. मानधन म्हणून एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, त्यावर हार्डवेअरच्या दुकानाचं नाव आणि खाली 'रंगांचे सर्व शेड उपलब्ध'.

आणि काल दुपारी त्यांचा फोन.

"सर, देवळाले कोनता कलर घ्याव?"

"दगडाचा."

"जमते. पन त्याच्यात तीन शेड येतात. येऊन जरा कार्ड पाहून घ्या ना दुकानावर. तुमी ड्रॉइंगवाले, आपल्याले त्यातलं समजत नाही."

मी म्हटलं, भाऊ, ते आधीच दगडाच्या रंगाचं आहे.

"हो, पन थो जुना झाला ना, सर."

फोन ठेवला. बायको दारातून ऐकत होती. म्हणाली, "अहो, जाणारच आहा तर आपल्या गेटसाठीही एक डबा मागून घ्या. काळा."