आठ महिने बिनपगारी? आधी डच संपाचा हिशेब बघा

एसटीच्या संपाचा विषय निघाला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. परवा तो डेपोच्या ग्रुपवरून माझ्या कंडक्टर मेव्हण्यापर्यंत पोचला: '1944 साली 30,000 डच रेल्वे कामगार हिटलरविरुद्ध आठ महिने बिनपगारी संपावर होते. विमानातून मदत यायची, जर्मन गाड्या ठप्प झाल्या. आणि आपले लोक महिन्याभरात पगारासाठी रडतात!'

संप खरा, 30,000 हा आकडाही खरा. 17 सप्टेंबर 1944 ला जर्मनांनी देश ताब्यात घेतल्यावर लंडनला गेलेल्या डच सरकारने रेडिओवरून हाक दिली आणि मे 1945 पर्यंत संप टिकला.

पण बिनपगारी? साफ खोटं. लपून बसलेल्या संपकऱ्यांच्या घरी पगार पोचत होता. तो भरत होता भूमिगतांचा राष्ट्रीय मदतनिधी, आणि निधी चालवत होता वालरावेन फान हाल नावाचा बँकर. विमानातून पडली ती शस्त्रं, पगार नव्हे. आधी श्रीमंतांकडून कर्ज घेतलं. पावती म्हणून जुने कवडीमोल शेअर दिले, युद्धानंतर ते दाखवून पैसे परत न्यायचे. तेवढ्याने भागेना, तेव्हा थेट मध्यवर्ती बँकेलाच हात घातला. ट्रेझरी बिलांच्या, म्हणजे सरकारी कर्जरोख्यांच्या, हुबेहूब नकला छापल्या. बँकेतला फितवलेला माणूस नकली बिलं तिजोरीत ठेवून खरी बाहेर काढायचा, मग खरी वटवायची. बँकेचा अध्यक्ष नाझींचा, त्याला पत्ताच नाही! असे सुमारे 5 कोटी गिल्डर (तेव्हाचं डच चलन) निघाले. लंडनमधल्या डच सरकारने युद्धानंतर फेडीची हमी दिली होती, आणि तिच्याशिवाय एवढं कर्ज उभं राहिलं नसतं, हे मान्य. टोमणे मारणाऱ्यांनी एसटीवाल्यांच्या संपनिधीत किती टाकले होते?

नुसत्या पैशाने पोटही भरत नव्हतं, कारण कूपनशिवाय दुकानात काही मिळेना. जर्मनांनी नवं रेशनकार्ड काढलं आणि ते घेताना ओळखपत्रावर पोस्टाच्या तिकिटासारखा शिक्का चिकटवणं सक्तीचं केलं. लपलेला माणूस त्या रांगेत उभा राहणार कसा? म्हणून सरकारी कचेऱ्यांवर दरोडे पडले. एकट्या टिलबर्ग शहरातून जानेवारी 1944 मध्ये 1,05,000 शिक्के पळवले. संपाआधी ही सगळी यंत्रणा उभी होती.

'जर्मन गाड्या ठप्प' हेही अर्धसत्य. जर्मनांनी स्वतःचे रेल्वेवाले आणून आपल्या गाड्या चालवल्या. अडकलं ते डच लोकांचं अन्न: सूड म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाकडची अन्नवाहतूक बंद केली; नोव्हेंबरात बोटींपुरती बंदी सैल झाली, पण पुढे कालवेच गोठले. फेब्रुवारी 1945 च्या अखेरीस तिथलं रेशन दिवसाला 580 कॅलरींवर आलं. त्या हिवाळ्यात सुमारे 20,000 माणसं भुकेने मेली, आणि फॉरवर्डमध्ये त्यांचा उल्लेखही नाही.