आमच्या सत्तरीचा पाऊस अंगणातच मोजावा लागेल

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहते मी. रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकातली बाटली बाहेर काढते. देशभर पावसाची रोजची नोंद याच वेळेला होते, आदल्या सकाळी साडेआठपासूनच्या चोवीस तासांची. मोजपात्र डोळ्यांसमोर सरळ धरायचं, पाण्याचा मधला खोलगट भाग ज्या रेघेला टेकतो तो आकडा वहीत लिहायचा. एक मिलीमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. वर्गात हे सांगितलं की मुलं लगेच शाळेच्या अंगणाकडे बघायला लागतात, मनातल्या मनात घागरी मोजतात.

परवा शाळेत एक सहकारी म्हणाले, "बाई, आता एवढे उपग्रह आहेत, मोबाइलवर ढगसुद्धा दिसतात. तुम्ही अजून बाटली कशाला मोजत बसता?" त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता, आणि तेवढ्या वेळात मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

उपग्रहांचं मला अपार कौतुक आहे. १७ फेब्रुवारी २०२४ला श्रीहरिकोट्याहून इन्सॅट-३डीएस हा हवामानाचा उपग्रह वर गेला, तो उड्डाणाचा कार्यक्रम मी मुलांना दाखवला होता. ७ मार्चला त्याने घेतलेली पहिली चित्रं आली, तीही दाखवली. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेऊन राहतो, म्हणून त्याची नजर आपल्यावरून हलत नाही. त्याच्यावरचा कॅमेरा सहा वेगवेगळ्या पट्ट्यांत चित्रं घेतो आणि साउंडर हवेच्या थराथरांतलं तापमान आणि बाष्प मोजतो. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. अरबी समुद्रात पाऊस मोजायला कोण बसलंय? तिथे अशा उपग्रहांवाचून वादळाचा माग काढताच आला नसता.

पण सत्तरीचा पाऊस वेगळा आहे, आणि इथेच सगळी गोम आहे.

उपग्रह थेंब मोजत नाही. इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेच्या किरणांनी घेतलेल्या चित्रात त्याला ढगाचा माथा किती थंड आहे ते कळतं. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि ढग जितका उंच तितका पाऊस जास्त, असा त्यामागचा हिशेब. समुद्रावरच्या वादळी ढगांना हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो, त्यांचे माथे शून्याच्या खाली साठ-सत्तर अंशांपर्यंत गेलेले असतात. आपल्या घाटातला पाऊस मात्र बऱ्याचदा बुटक्या ढगांतून पडतो. समुद्रावरून आलेलं ओलं वारं सह्याद्रीला आपटतं, वर चढतं, थंडावतं आणि तिथल्या तिथे पाणी सोडतं. ढग उंच वाढायची वाटच बघत नाही. त्याचा माथा तुलनेने उबदार राहतो, आणि आकाशातून बघणाऱ्याला वाटतं, पाऊस बेताचाच असेल. पश्चिम घाटातला पाऊस उपग्रहाच्या अशा अंदाजात कमी दिसतो, हे शास्त्रज्ञांना चांगलं ठाऊक आहे. पणजीला पावसाचा वेध घेणारं डॉप्लर रडार आहे, त्याची मदत होतेच, पण डोंगरांच्या आड जे पडतं ते त्यालाही नीट दिसत नाही.

मी हे डोळ्यांनी बघितलंय. आषाढातल्या एका दुपारी पन्हळीतून पाण्याचा दोर पडत होता, बोलणं ऐकू येत नव्हतं. मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडलं तर आमच्या डोंगरांवर नुसती फिकट राखाडी छटा. थंड, उंच माथ्याची पांढरीशुभ्र गाठ होती ती दूर समुद्रात.

आता २३ जुलै २०२१ आठवा. त्या दिवशी म्हादई नदीचं पाणी आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, शिरलं. बाबा सुपारीच्या राशीवर ताडपत्री ओढत होते, मी गोठ्यातली गुरं सोडत होते, आणि व्हाळ कुठला नि नदी कुठली हे कळेनासं झालं होतं. दूधसागर आणि सोनावळीच्या मध्ये दरड येऊन रेल्वेचे डबे घसरले तो हाच दिवस. पाणी ओसरल्यावर वही बघितली. आमच्या अंगणात पाऊस मोठाच झाला होता, पण इतकं पाणी आणण्याएवढा नाही. म्हादई कर्नाटकातल्या खानापूरच्या डोंगरात उगवते आणि मग आपल्याकडे उतरते. आमच्या दारात आलेलं पाणी वर पडलं होतं, आणि वरच्या वाड्यांत त्या दिवशी किती पडलं हे सांगणारं मला कोणीही भेटलं नाही. हे मला अजून छळतं. वरच्या चार वाड्यांवरून पहाटे कोणी आकडे कळवले असते, तर खालच्या लोकांना निदान गुरं आणि कागदपत्रं हलवायला वेळ मिळाला असता.

इशारा येतो तोसुद्धा जिल्ह्याचा. सगळ्या उत्तर गोव्याला एकच रंग, पिवळा किंवा नारंगी. मांद्र्याचा किनारा आणि चोर्ल्याचा घाट एकाच रंगात. किनाऱ्याकडच्या पेडण्याला रिमझिम झाली की लोक म्हणतात, अंदाज चुकला, आणि पुढच्या इशाऱ्याकडे कोणी बघत नाही.

संशोधन थांबलेलं नाही, हे मान्यच आहे. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने हवामान अंदाज सुधारायच्या 'मिशन मौसम'ला दोन हजार कोटी मंजूर केले. २६ मे २०२५ला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट' ही हवामान अंदाजाची प्रणाली सुरू झाली. अंदाजासाठी नकाशाच्या चौकटी पाडतात, त्यात आधीच्या बारा किलोमीटरच्या चौकटींऐवजी सहा किलोमीटरच्या चौकटी आल्या, आणि अंदाज पंचायतीपर्यंत न्यायचा बेत आहे. फार चांगली गोष्ट. पण पंचायतीसाठी दिलेला अंदाज बरोबर आला की चुकला, हे ताडून बघायला त्या पंचायतीत पाऊस मोजलेला तरी हवा ना? मोजलाच नाही तर सुधारणार कशावरून?

शेतकऱ्याला हा प्रश्न रोजचा आहे. सुपारीवर कोळेरोग, म्हणजे फळं कुजवणारी बुरशी, येऊ नये म्हणून चुना-मोरचुदाचं बोर्डो मिश्रण फवारायचं असतं. फवारा घडावर वाळायला काही तास उघडीप लागते. झाडावर चढणारा पाडेली आधीच मिळत नाही, मिळाला की त्याच दिवशी काम उरकायचं. दुपारी सर आली की चुना, मोरचूद, मजुरी सगळं वाहून गेलं. बाबांनी हे किती वेळा सोसलंय ते मला माहीत आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीत निदान एक पर्जन्यमापक हवा, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या डोंगराळ तालुक्यांत वाड्यागणिक हवा. स्वयंचलित यंत्रं बसवा, पण त्यांच्यावर सोडून देऊ नका. पालापाचोळा नाहीतर मुंग्यांची माती नरसाळ्यात अडकली की यंत्र भर पावसात शून्य दाखवतं. रोज बघणारा माणूस पाहिजे, आणि तो शाळेत आहे. आमच्या चौथीच्या मुली बिनचूक आकडा वाचतात, मी स्वतः तपासलंय. भांडं झाडापासून आणि छपरापासून लांब ठेवायचं, हेही त्याच मला बजावतात.

येत्या ग्रामसभेत हा विषय मी लेखी देणार आहे. तुमच्या पंचायतीतही कोणी मांडत असेल तर अर्जाचा मजकूर पाठवते. आणखी एक विनंती: जुन्या घरांत, कुळागरांच्या हिशेबाच्या वह्यांत पावसाच्या नोंदी सापडतात. मिरग कधी लागला, व्हाळ कधी भरला, एवढं लिहिलेलं असलं तरी चालेल. तुमच्याकडे तशी वही असेल तर रद्दीत घालू नका. मला कळवा, मी येऊन उतरवून घेईन.