प्लास्टर निघालं म्हणजे हात बरा झाला?
‘सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं की हात पूर्ववत’ हे हाड मोडण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. ऐन सोयाबीनच्या सुगीत आमची आई बांधावरून घसरली, मनगट मोडलं. हाड झकास जुळलं, पण प्लास्टरमध्येही बोटं हलवत राहायची असतात हे कुणी सांगितलंच नाही. उलट भेटायला येणारा प्रत्येक जण ‘हात अजिबात हलवू नका’ बजावून जायचा. प्लास्टर काढलं तर मूठ मिटेना. तळहातही सपाट होईना, भाकर एका अंगाला जाडच राहायची!

मग कोमट पाण्यात हात बुडवायचा, कणकेचा गोळा दाबायचा, अंगठा एकेका बोटाला टेकवायचा. तीन महिने गेले. फिजिओथेरपीला दरवेळी लातूर गाठायचं म्हणजे सोबत येणाऱ्याचाही रोज बुडतो, त्यावर लेखात अवाक्षर नाही.