शेपटी लाल नाही, तरी तो रेड-टेल्ड हॉकच

रेड-टेल्ड हॉक या अमेरिकेतल्या शिकारी पक्ष्याबद्दल एक मजकूर सध्या जिकडेतिकडे फॉरवर्ड होतोय: ‘शेपटी विटकरी लाल असेल तरच तो रेड-टेल्ड. पांढरा दिसला तर अल्बिनो, काळा दिसला तर गोल्डन ईगल.’ अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या पक्षिप्रेमींनी यावर विसंबून स्वतःच्या पक्षिनिरीक्षणाच्या चांगल्या नोंदी खोडू नयेत, म्हणून हे लिहितेय. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी शेपटीचं. या पक्ष्याच्या पिल्लाला पहिल्या वर्षी लाल शेपटी नसतेच. ती तपकिरी असते, तिच्यावर बारीक गडद आडवे पट्टे असतात आणि डोळे पिवळट असतात. पुढच्या उन्हाळ्यात पिसं झडून नवी यायला लागली की मग लाली दिसते. शरद ऋतूत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटन या डोंगरावरून दक्षिणेकडे जाणाऱ्यांत अशी कोवळी पाखरं असतातच. ती काय यादीतून वगळायची? शिवाय प्रौढ पक्ष्याची शेपटीही खालून फिकट गुलाबीच दिसते. खरा रंग कळतो तो पक्षी वळला आणि पाठ दिसली की.

मग बघायचं काय? फोटो मोठा करा आणि उडत्या पक्ष्याच्या पंखाची खालची बाजू बघा. खांद्यापासून मनगटापर्यंत (पंख जिथे वाकतो तिथपर्यंत), पुढच्या कडेला एक गडद पट्टी असते. फिकट पोटाच्या रेड-टेल्डची ही सगळ्यात भरवशाची खूण, पिल्लातही आणि प्रौढातही. पोटावर रेघोट्यांचा पट्टा असतो असं सगळे सांगतात, पण अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या पक्ष्यांत तो पुसट असतो किंवा नसतोच.

पांढऱ्याचं थोडक्यात. ग्रेट प्लेन्स या अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांच्या उत्तर भागात क्रायडर्स नावाचा अतिशय फिकट प्रकार आहे. त्याचं डोकं आणि शेपटी पांढरट असते, पंखाची पट्टीही फिकी. तो पूर्ण निरोगी पक्षी आहे. ल्युसिस्टिक पक्षी वेगळे: पिसं पांढरी, पण डोळ्यांचा रंग शाबूत आणि बऱ्याचदा शेपटीत एखादं लाल पीस शिल्लक. खऱ्या अल्बिनोत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य अजिबात नसतं, डोळे गुलाबी असतात. असा पक्षी फार क्वचित दिसतो.

काळ्या पक्ष्यांच्या बाबतीत मात्र सर्वांत जास्त अन्याय होतो. पश्चिम अमेरिकेत गडद चॉकलेटी रेड-टेल्ड नेहमी दिसतात. अलास्काकडे वीण करून हिवाळ्यात दक्षिण प्लेन्समध्ये उतरणारा हार्लन्स नावाचा प्रकार तर बहुतेक काळाच असतो आणि त्याची प्रौढ शेपटी साधारणपणे पांढरट-करडी, डागाळलेली असते. पक्ष्यांची चित्रं काढणारा अमेरिकन निसर्गअभ्यासक ऑडुबॉन याने १८३० मध्ये त्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं होतं; आज तो रेड-टेल्डचीच उपजात मानला जातो. गोल्डन ईगल या मोठ्या गरुडाशी गल्लत होण्याचं कारण नाही: त्याचे पंख पसरले की जवळजवळ दोन मीटर भरतात, रेड-टेल्डचे साधारण सव्वा मीटर.

याच मजकुराच्या शेवटी जोडलेला ‘महाराष्ट्रातला रेड-टेल्ड’ही खोडायला हवा. हा पक्षी उत्तर आणि मध्य अमेरिकेतला आणि कॅरिबियन बेटांवरचा. आपल्या माळरानांवर हिवाळ्यात दिसणारा नारिंगी शेपटीचा पाहुणा म्हणजे लाँग-लेग्ड बझर्ड. त्याच्यातही फिकट, तांबूस आणि गडद असे प्रकार असतात, त्यामुळे तिथेही निव्वळ रंगावरून नाव लिहू नका. अमेरिकेतल्या मंडळींनी काळा रेड-टेल्ड दिसला तर ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर बिनधास्त नोंदवावा, सोबत पंखाच्या खालच्या बाजूचा आणि पसरलेल्या शेपटीचा फोटो जोडावा.