दहावीत एक विषय राहिला म्हणून वर्ष बुडत नाही

‘गणितात उडाला की वर्ष गेलं’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. महाराष्ट्र राज्य मंडळ २०१५ पासून निकालानंतर लगेच दहावीची पुरवणी परीक्षा घेतं. त्यात पास झालं की त्याच वर्षी अकरावी. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो.

आमच्या शेजारची मुलगी हा मेसेज वाचून रात्री दोनपर्यंत बीजगणित उघडून बसली होती. पान मात्र एकच. डोळ्यांत पाणी. पोरांना झोपू द्या हो, वाचलेलं झोपेतच पक्कं होतं. सकाळी पुस्तक मिटून, आठवेल ते लिहायला सांगा. फारच घाबरली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. मोफत आहे, चोवीस तास चालतो.