काढ्याचं फाईलमध्ये का लिहीत नाही आपण?

मागच्या वर्षी मिरजेहून मावशीचा फोन आला, तिसरी केमो पुढे ढकलली म्हणून. लिव्हरचे रिपोर्ट वाढलेत, डॉक्टर म्हणाले पंधरा दिवस थांबू. मी सहज विचारलं, मावशी तू अजून काही घेतेस का गं, तर जरा वेळ गप्पच बसली आणि मग हळू आवाजात म्हणाली, सकाळी गुळवेलीचा काढा घेते आणि वैद्यांच्या पुड्या, पण डॉक्टरांना नको हां सांगायला, ओरडतात ते.

रिपोर्ट काढ्यामुळेच वाढले का, हे मी म्हणू शकत नाही, केमोनेही वाढतात. पण तिकडे डॉक्टर कारण शोधत होते आणि अर्धी माहिती मावशीच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेली होती. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा पेशंटची नोंद छापली होती, कोरोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, चॅनेलवर चर्चा झाल्या, आणि आमच्या घरातल्या कुणाच्याही कानावर त्यातलं काही आलं नाही.

मी स्वतः इंग्लंडमध्ये लीड्सला राहते, चार वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून घ्यायची गोळी, चालू आहे. पहिल्याच भेटीत इथल्या नर्सने एक कागद पुढे केला, त्यात विचारलं होतं की कुठल्या जडीबुटी, व्हिटॅमिन, पावडरी, चहा, काहीही घेता का. मला आधी वाटलं आता हिला काय सांगायचं, हसेल. पण आईने सांगलीहून येणाऱ्या एकांबरोबर हळदीच्या कॅप्सूल पाठवल्या होत्या, मिरी घातलेल्या, त्या मी लिहिल्या. नर्सने फार्मासिस्टला फोन केला आणि मला सांगितलं, स्वयंपाकात हळद घाला हवी तेवढी, पण या कॅप्सूल बंद करा, कारण हॉलंडमध्ये एका छोट्या अभ्यासात असं दिसलंय की हळदीचा अर्क टॅमॉक्सिफेनचा रक्तातला अंश कमी करतो, आणि मिरी बरोबर असली की अजून जास्त. ना रागावली ना आमच्या आयुर्वेदाला नावं ठेवली, दोन मिनिटांचं काम होतं.

त्याच हॉस्पिटलने नंतर मला रात्री घामाच्या लाटा यायच्या त्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे अंगाला बारीक सुया टोचण्याचा उपचार, दिलं. बरं वाटलं, सुयांमुळे की त्या अर्ध्या तासात शांत पडून राहिल्यामुळे हे मला सांगता येणार नाही. पण गाठीवर इलाज म्हणून ते कुणीच दिलं नव्हतं, इथे हा फरक सगळ्यांना पक्का माहीत असतो. त्रास कमी करायला योगा, मसाज, सुया, आणि कॅन्सर मारायला ऑपरेशन, केमो, रेडिएशन.

इथे सगळं छान आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. मसाज, रिफ्लेक्सॉलॉजी (तळपायाचे बिंदू दाबणं) वगैरे बरंचसं धर्मादाय पैशावर चालतं, मॅगीज सेंटर म्हणून कॅन्सरच्या पेशंटना आधार देणारी केंद्रं हॉस्पिटलच्या आवारात असतात, पहिलं १९९६ ला एडिनबराला निघालं, तीसुद्धा देणग्यांवरच चालतात. आणि होमिओपॅथी एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, वर्षानुवर्षं देत होती, २०१७ मध्ये इंग्लंडने सांगितलं की पुरावा नाही, यापुढे पैसे नाहीत. म्हणजे एकदा आत घेतलं की कायमचं आत, असं नाही, हे मला आवडलं.

आपल्याकडे वाद कुठे अडकतो बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्रकार परिषदेत सांगितलं की बायकोचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर गेला, आणि श्रेय दिलं कच्ची हळद, कडुनिंब, लिंबूपाणी, साखर बंद अशा आहाराला. ऑपरेशन आणि केमो झाली होती पण लोकांच्या फॉरवर्डमध्ये ती गळून गेली. टाटा हॉस्पिटलच्या आजी माजी २६२ डॉक्टरांना सही करून पत्रक काढावं लागलं की यावर विसंबून उपचार थांबवू नका. ते पत्रक बरोबरच होतं, मी स्वतः पाच ग्रुपवर टाकलं. पण आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लगेच दोन टोळ्या, एक म्हणते ऋषीमुनींना सगळं माहीत होतं, दुसरी म्हणते आयुर्वेद म्हणजे लूट. आणि या दोन्ही टोळ्यांच्या मधे मावशी बसलेली, दोन्हीकडचं औषध घेणारी आणि दोन्हीकडे गप्प राहणारी.

एकत्रित उपचार, म्हणजे केमोबरोबर आयुर्वेद, योगा वगैरे, आणायचे की नाही असं जेव्हा कुणी विचारतं तेव्हा मला वाटतं ते आलेत ना आधीच, आपल्याकडे किती घरांत चालू आहेत, फक्त ते एकत्र करण्याचं काम दमलेली सून नाहीतर मुलगा करतो, डॉक्टरला न सांगता.

डॉक्टरांना याची भीती वाटते ती खरी आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१७-१८ मध्ये दोन अभ्यास छापले. पहिल्यात फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट निघाला. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, त्यात लोक नेहमीच्या उपचारांबरोबर इतर काहीतरी घेत होते, तरी त्यांचा धोका दुप्पट दिसला, आणि कारण शोधलं तर हीच माणसं पुढची केमो किंवा रेडिएशन जास्त नाकारत होती. म्हणजे काढ्याच्या आधाराने माणूस हळूच उपचारातून बाहेर पडतो, आणि तो बाहेर पडतोय हे कळायला आधी कुणीतरी विचारलेलं असायला हवं.

आणि आपल्याकडे जमतं हे टाटानेच दाखवलंय. ब्रेस्ट कॅन्सरच्या ८५० बायकांवर त्यांनी योगाची रीतसर चाचणी घेतली, नेहमीचे सगळे उपचार दोन्ही गटांना आणि योगा एकाच गटाला, डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याचे निष्कर्ष मांडले की योगाच्या गटात आजार न उलटण्याचं आणि जगण्याचंही प्रमाण थोडं जास्त होतं. हे वाचून मला इथे बसून फार अभिमान वाटला. काढ्यांचीही अशीच तपासणी करा ना, कोणता चालतो, कोणता केमोच्या आड येतो, वैद्यांनाही त्यात घ्या.

जाहिरातींचा कायदा दोन्हीकडे आहे. ब्रिटनमध्ये १९३९ पासून कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात लोकांना करणं गुन्हा आहे, आपला १९५४ चा, त्याच्या यादीतही कॅन्सर आहे. तरी एसटी स्टँडच्या भिंतीवर कॅन्सर बरा करतो म्हणणाऱ्याचा मोबाईल नंबर असतोच.

मला माहितीय परळला टाटाच्या ओपीडीच्या बाहेर काय गर्दी असते, फुटपाथवर झोपलेले पेशंट मी पाहिलेत, डॉक्टरला मान वर करायला वेळ नसतो. म्हणून मी डॉक्टरचा वेळ मागत नाहीये, केसपेपरवर एक रकाना मागतेय, नर्सने किंवा समुपदेशकाने भरायचा, मराठीत, आणि तो भरताना कुणी ओरडायचं नाही.

दादाने, म्हणजे मावशीच्या मुलाने, शेवटी डॉक्टरांना सांगितलं. ओरडले, मग पुड्यांचे फोटो मागवले. आता दादाने फाईलच्या पहिल्या पानावर पट्टीने स्वतःच रकाना आखलाय, त्यात पहिली ओळ आहे, गुळवेल काढा, बंद, आणि खाली तारीख.